नाना उठले नाहीत त्याची गोष्ट

आमच्या घराण्याला दुष्काळ मानवतो. हे मी चारचौघांत म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात ते, पिसाळलेल्या कुत्र्याला गोंजारणाऱ्या माणसाकडे बघावं तसे. पण खरं सांगतो. ज्या वर्षी आमच्या बीडकडच्या शिरूरच्या बाजूला पाऊस धड झाला, ज्वारी दाण्यांनी वाकली, घरोघर गुळाच्या पोळ्या लाटल्या गेल्या, त्या वर्षी आमच्यातला एखादा पुरुष सकाळी अंथरुणावर पडून पत्र्याकडे बघत म्हणायचाच, "आज जड आलंय." आणि ज्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, बाजरीची भाकरी आणि ठेचा एवढ्यावर महिने काढले, त्या वर्षी आम्ही सगळे टणाटण. गाव वाळत चाललेलं आणि आमचं घर तेवढं ताठ. लोकांना वाटायचं, यांनी कुठंतरी धान्य पुरून ठेवलंय.

'जड येणं' हा आमचा घरचा शब्द. झोपताना माणूस धड असायचा. सकाळी पाय जागेवर असायचे, चिमटा काढला तर कळायचा, पण उचल म्हटलं तर उचलायचे नाहीत. जास्त आलं तर हातही. बोलणं शाबूत, भूक शाबूत, शिव्या तर रोजच्यापेक्षा जोरात. दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशी, आपलं आपण उतरायचं आणि माणूस काही झालंच नाही अशा थाटात शेतावर जायचा. आजोबांना यायचं, चुलत्यांना यायचं, वडिलांना यायचं. ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा घरचा कायदा. लुळ्यांचं घर म्हणून एकदा नाव पडलं की पोरींना स्थळं येत नाहीत आणि पोरांना कामं मिळत नाहीत.

आजोबा बैलबाजारात उभ्या उभ्या कोसळले आणि गेले. चुलते विहिरीची मोटार चालू करायला वाकले आणि गेले. त्याचा मात्र जडाशी कुणी संबंध लावला नव्हता. ती छातीची गोष्ट, ही पायाची. माणसाच्या अंगात दोन वेगवेगळी खाती असतात, अशीच आमची समजूत.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. बुटके, हनुवटी बारकी, कान जरा खाली बसवल्यासारखे, आणि दोन्ही करंगळ्या आतल्या बाजूला वाकलेल्या. तरुणपणी ते आणि माय माजलगावकडं ऊस तोडायला जायचे. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आमच्या घरच्या जोडीचा कोयता बऱ्याचदा एकटी मायच असायची. दिवसभर तोड, संध्याकाळी कुणीतरी प्रेमानं तांब्याभर रस पाजायचं, आणि सकाळी नाना पाचटाच्या कोपीत आडवे. मुकादम बाहेरून ओरडायचा, "सोंगं करतंय बे हे! नाटक कंपनीत घाला याला!" नाना आतून ओरडायचे, "घाल की! तिथं तरी बसून काम असंल!" माय तोवर निघून गेलेली असायची. मायनं आयुष्यभर कुणाशी फारसं भांडण केलं नाही, कारण तिला भांडायला ताकद उरायचीच नाही.

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी ऊसतोड मागं पडली होती. नाना घरच्या दोन म्हशी सांभाळत होते आणि मी मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान चालवत होतो. पंचक्रोशीत कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं, कुणाची प्रचारसभा, सगळीकडं माझीच ताडपत्री, माझाच कर्णा, माझाच टेंपो. माइकमध्ये फुंकर मारून "हॅलो, हॅलो" म्हणताना मला जे सुख व्हायचं ते पुढं बोलणाऱ्या पुढाऱ्यालाही होत नसेल. पण त्या वर्षी लग्नंसुद्धा कमी झाली. धूळ एवढी की कर्णा झटकला तर त्यातून आवाजाच्या आधी माती यायची. लोकांना बोलायचा कंटाळा आला होता. पाण्याचा टँकर आला की बायका धावायच्या, पण भांडायच्या नाहीत. हंडे भरायच्या आणि जायच्या.

गावात दूध सोसायटी होती आणि तिची एक विहीर होती. सगळ्या गावात पाणी धरून असलेली ती तेवढी एकच. सभासदांची जनावरं तिच्यावर जगत होती. चेअरमनसाहेबांची मोसंबीची बाग त्या विहिरीच्या शेजारी होती आणि ती वाळायला लागली होती. तेव्हा वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय आला: विहिरीची देखभाल चेअरमनसाहेबांकडे सोपवणे. देखभाल म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आमच्या सोसायटीत मंजुरीची एक खास रीत होती. पूर्वी हात वर करायचे. पण मागं एकदा अर्ध्या लोकांनी अर्धे हात वर केले, कानापाशी, म्हणजे चेअरमनला वाटावं वर आहे आणि शेजाऱ्याला वाटावं कान खाजवतोय. त्यावरून फार तमाशा झाला. तेव्हापासून चेअरमननं नियम काढला: कबूल असेल त्यानं उभं राहायचं. उभं राहण्यात अर्धवटपणा चालत नाही. शिवाय सगळे उठले की बसून राहणारा माणूस उघडा पडतो. आणि उघडं पडायची छाती कुणाला असते? दर वर्षी सगळे एकदम उठायचे, टाळ्या वाजायच्या, ठराव सर्वानुमते मंजूर. चेअरमनना त्या 'सर्वानुमते' शब्दाचा फार शौक.

आणखी एक युक्ती त्यांनी केली. जेवण सभेच्या आधी ठेवलं. दुष्काळात शिरा, पुरी, बुंदी. "आधी पोटोबा," ते हसून म्हणाले. गोड खाल्लेला माणूस विरोध करत नाही, हे त्यांना सहकारातल्या मोठ्या अनुभवानं माहीत होतं.

नानांनी आदल्या दिवशी दिवसभर गावाबरोबर गावतळ्यातला गाळ उपसला होता. त्यावर सकाळी तीन वाट्या शिरा आणि मूठ मूठ बुंदी. मायनं लांबून खुणा केल्या, नानांनी पाठ फिरवली. वर्षभर भाकरी खाल्लेला माणूस तो. मग माझ्या सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून ते बसले. अहवाल वाचला, हिशेब वाचला, श्रद्धांजल्या वाचल्या. मी माइकपाशी उभा होतो आणि मला नानांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. डोळे एकदम सावध, हसू थिजलेलं. जड येतंय हे आम्हाला घरच्यांना लांबूनच कळायचं.

"तर मंडळी," चेअरमन म्हणाले, "देखभालीचा विषय सगळ्यांना कबूल हाय. उभं राहावं."

सगळी सभा उठली. धोतरं झटकली गेली, गुडघे कडाडले, धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा पहिल्या रांगेत नाना एकटे बसलेले.

"नाना," चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "उठा की."

आता नाना काय सांगणार? जड आलंय म्हणाले असते तर घरचा कायदा मोडला असता, तोही साऱ्या गावासमोर आणि माइक चालू असताना. त्यांनी मान वर केली, चेअरमनकडं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मी हितंच बरा हाय. तुमचं चालू द्या."

 माझ्या कर्ण्यातून तेवढी बारीक शीळ येत होती. चेअरमन म्हणाले, "कावून? काय अडचण हाय?" नाना म्हणाले, "काईच न्हाई." आणि परत तसेच, डोंगरासारखे. तेवढ्यात मागं एक म्हातारा, ज्याच्या घरी जनावरं जास्त होती, हळूच खाली बसला. मग त्याचा भाऊ. मग एकाला बघून एक, गवत वाकावं तशी निम्मी सभा बसली. चेअरमननं कपाळ पुसलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

सभा संपली. लोक नानांभोवती गोळा झाले. नाना अजून बसलेलेच, कारण त्यांच्याकडं दुसरा इलाज नव्हता. लोकांना वाटलं, हा ठिय्या आहे.

"ठराव लेखी रद्द झाल्याबिगर नाना उठत न्हाईत!" कुणीतरी ओरडलं.

"लई डेरिंगचा माणूस बे!"

बायकांनी चहा आणला, पाक झालेला. गूळ आणला, शेंगदाण्याचे लाडू आणले. नाना मला डोळ्यांनी सांगत होते, मला इथून ने. शेवटी मी सतरंजी गोळा करायचं निमित्त केलं, सतरंजीसकट नानांना गुंडाळलं, दोघांच्या मदतीनं टेंपोत चढवलं आणि लोकांना सांगितलं, "थकलेत. लढाई सोपी न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेंपो हलला तेव्हा सतरंजीच्या आतून आवाज आला, "माज्या ढेंगंला बांबू टोचतोय बे, भाड्या."

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता रंगमंच. आयुष्यभर ज्यांना सोंगाड्या म्हटलं ते नाना गावचे पुढारी झाले. पारावर गेले की लोक उठून जागा द्यायचे. ज्याला स्वतःला उठता येत नव्हतं त्याला बघून सगळे उठायला लागले. आणि मराठी माणूस मान कसा देतो? साखरेनं. या घरी चहा, त्या घरी चहा, 'नानांना जरा जास्त घाला.' दुष्काळात लोकांनी आपल्या पोरांच्या तोंडचं गोड काढून नानांना दिलं. नाही म्हणावं तर अपमान. रोज खा, रोज झोप, आणि सकाळी जड. जड आलं की नाना दारातल्या बाजेवर बसून राहायचे, लोकांना वाटायचं विचार करताहेत.

मला हसू यायचं, मायला नाही. एकदा दळण निवडत ती म्हणाली, "छातीवर हात ठिवून बसत्यात आजकाल. म्हणत्यात, आत कुणीतरी पायरी चुकल्यावानी करतंय." मी ऐकलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. तेव्हा सगळेच दमलेले होते. कुणाच्या छातीत काय चुकतंय हे विचारायला जी उभारी लागते ती टँकरच्या रांगेत संपत होती.

मग शेजारच्या गावात नानांचा सत्कार ठरला. फेटा, शाल, श्रीफळ आणि पेढे. मंडप अर्थात माझाच. नाना खुर्चीवर बसले होते, पेढा तोंडात होता आणि बोलणारा म्हणत होता, "हा माणूस वाकणार नाही." त्याच क्षणी नाना वाकले. सरळ खुर्चीवरून पुढं. शुद्ध गेली, मग आली. आल्यावर हातपाय दोन्ही नाहीत. लोकांनी उचलून तिथल्या डॉक्टरांकडं नेलं. आमच्याकडं कुणी पडला की सलाईन. डॉक्टरनं नाही लावली तर लोक विचारतात, "हे कसले डॉक्टर?" त्या भल्या माणसानं अशक्तपणा धरला आणि साखरेची बाटली लावली. दवाखान्यात जो येईल तो बाटलीकडं बघून समाधान पावायचा. पण बाटली जशी उतरत गेली तसे नाना विझत गेले. मान टाकली. श्वास बारीक झाला. माय एकच वाक्य म्हणाली, "ही माणसं दुखणं बघाया आल्यात का दुखण्याला खाऊ घालाया?" आणि मला म्हणाली, "टेंपो काढ."

बीडपर्यंतचा रस्ता मला आजही झोपेत कधी कधी येतो. मागं मंडपाचे खांब, खांबांत नाना, नानांचं डोकं मायच्या मांडीवर, बाटली तिच्या हातात उंच धरलेली. मोठ्या दवाखान्यात बाहेरच्या ओट्यावर माणसंच माणसं होती. कुपोषणाची लेकरं, उन्हानं पडलेले, विंचू चावलेले. सगळ्यांचे चेहरे एकाच मातीचे. तिथं कुणी घाई करत नव्हतं, रडतसुद्धा नव्हतं.

एक तरुण डॉक्टरबाई आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, बहुतेक दोन दिवस घरी गेली नव्हती. तिनं नानांच्या छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली. पट्टी बघून ती एकदम ताठ झाली. बाटलीकडं बघितलं. "ही कुणी लावली?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नळी बंद केली. रक्त घेतलं, कुणाला तरी पळवलं, दुसरं औषध आणवलं. मग नानांचा हात हातात घेऊन त्यांची करंगळी बघत बसली. कान बघितले. हनुवटी बघितली. मला वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झालाय.

"घरात अजून कुणाला असं होतं?"

घरचा कायदा. मी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "सांग समदं. आता झाकून काय उरलंय?"

मी सांगितलं. जड, आजोबा, बैलबाजार, चुलते, मोटार. बाई ऐकत गेली आणि मग माझा हात पुढं करायला लावला. माझी करंगळी तिनं नानांच्या करंगळीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या वाकलेल्या.

नंतर, नाना पाय हलवायला लागल्यावर, तिनं आम्हाला समजावून सांगितलं. स्नायूंच्या आत बारीक बारीक पेशी असतात आणि प्रत्येक पेशीला दारं असतात. त्यातून पोटॅशियमसारखे क्षार आतबाहेर करतात. त्या ये-जावर पाय हलतो, हात हलतो, आणि हृदयाचा ठोका पडतो, कारण हृदय हाही स्नायूच. आमच्या घराण्यात यातलं एक दार जन्मतःच नीट बसलेलं नाही. गोड खाल्लं, किंवा खूप राबून एकदम स्वस्थ बसलं, की रक्तातलं पोटॅशियम पेशींत पळतं. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. आमचे स्नायू मात्र मुके होतात, आणि हृदयाचा ताल बिघडतो. पायाची गोष्ट आणि छातीची गोष्ट एकच.

नाना कॉटवरून म्हणाले, "म्हंजे कालव्याच्या चारीचं दार. आमी माजलगावला बघितलंय. दार गंजलेलं असलं की पाणी जिथं नको तिथं घुसतं अन् शेवटचं रान कोरडं."

"तसंच," बाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "नाना, एक लक्षात ठेवा. परत अशी साखरेची बाटली लागली तर मी तुम्हाला परत बघेन असं नाही. घरच्यांना, शेजाऱ्यांना, गावातल्या डॉक्टरना, सगळ्यांना सांगा. पडलो तर साखर नको, गूळ नको, ग्लुकोज नको. आणि यांनाही," ती माझ्याकडं वळली, "तेच लागू."

आजाराचं नाव तिनं कागदावर लिहून दिलं. दोन परदेशी डॉक्टरांच्या नावाचं. ते आमच्या कुणाच्या जिभेवर आजतागायत बसलेलं नाही.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "गावाला सांगायचं न्हाई."

"नाना, बाई काय म्हणाल्या—"

"ऐकलं मी. बहिरं न्हाई झालो." ते करंगळीकडं बघत म्हणाले, "अरे, मुकादमानं सोंगाड्या म्हणलं, भावकीनं ऐतखाऊ म्हणलं. आता कुटं लोक चार शबूद बरं बोलाया लागलेत. अन् त्यांना सांगू, की मी विरोध केलाच न्हवता? माजं ढुंगण चिकटलं व्हतं म्हनून विहीर वाचली?"

 माय भाकरी थापत होती. ती वळलीसुद्धा नाही. "तुमचं जाऊ द्या. तुमी खाल्लं-पिल्लं, सत्कार झाला. उद्या हे पोरगं कुटं मांडव घालताना पडंल. तवा लोक याच्या नरड्यात साखर वतत्याल, मायेनं. मी कुणाकुणाचा हात धरू?"

"पुढची सभा कवा हाय?" नानांनी विचारलं.

पुढच्या सभेला मी माइक लावला. या वेळी जेवण नव्हतं, दुष्काळ चेअरमनपर्यंत पोचला होता. नाना बाईंचं औषध घेऊन आले होते. ते औषध इतकं घाण होतं की नाना म्हणायचे, यापरीस पाय नसलेले बरे. पण चालत आले, आणि सगळ्यांच्या आधी माइककडं गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नानांनी सगळं सांगितलं. आजोबांपासून. दारं, क्षार, करंगळी. साखरेची बाटली. "मला, माज्या पोराला, कुणाला बी आमच्या घरातल्याला, पडल्यावर गोड द्यायचं न्हाई. हे ध्यानात ठिवा. अन् दुसरं, मागच्या सभेला मी विरोध केला न्हाई. मला उठताच आलं न्हाई. विरोध करायचा व्हता का, तर व्हता. पण तेवढी हिंमत माज्यात न्हवती."

 मग मागून एक आवाज आला. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर असलेला एक गडी, तोंडाचा फाटका, नानांना रोज पारावर जागा देणारा. तो म्हणाला, "कितीत ठरलं बे नाना?"

हशा पिकला. कडवट, दमलेला हशा.

"काय बी सांगतंय! पाय धरत्यात म्हणं!"

"सत्कार घिऊन इकला गेला!"

आणि चेअरमन, तो खरा कलावंत माणूस, त्यानं तो क्षण हुकवला नाही. "तर मंडळी," त्यानं माइक हातात घेतला, "नानांनी मोठ्या मनानं खुलासा केलाय. देखभालीचा विषय कबूल असंल त्यांनी उभं राहावं. नाना उभेच आहेत!"

सभा परत सगळीच्या सगळी उठली. नाना गडबडले. बसायला गेले, पण त्यांच्या मागं खुर्ची नव्हती आणि गुडघे औषधानंसुद्धा इतके चपळ झाले नव्हते. ते जमिनीपर्यंत पोचले तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. सर्वानुमते मंजूर. माझ्याच कर्ण्यातून तो शब्द आख्ख्या गावावर गेला.

विहिरीचं सांगतो. बागेनं ती पुरती आटवली. पाऊस आला तोवर मोसंबीही गेली आणि निम्म्या म्हशीही बाजारात गेल्या. कुणालाच काही मिळालं नाही. आमच्या दोन म्हशींतली एक मायनं विकली आणि त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन नुसती बसली.

नानांवर गावानं बहिष्कार टाकला. कुणी बोललं नाही तसं, पण पारावर जागा मिळेना. आणि मुख्य म्हणजे चहा बंद. कुणाच्या घरी गूळ नाही, लाडू नाही, 'नानांना जरा जास्त घाला' नाही. घरात भाकरी, ठेचा, बाईंचं घाण औषध. बघता बघता नानांचं जड येणं जवळजवळ थांबलं. छातीतली पायरीही क्वचितच चुकायची. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईनं पट्टी बघून विचारलं, "काय जादू केली? गोड सोडणं कुणाला जमत नाही हो." नाना म्हणाले, "गावानं सोडिवलं."

मला हा किस्सा मित्रांत रंगवून सांगायला आवडायचा. हावभावांसकट. नाना ऐकत असले तर उठून आत जायचे. त्यांचं नुकसान पाण्याचं नव्हतं. आपण जिवापाड खरं बोललो आणि ते वाया गेलं, हे त्यांना आतून खात होतं. "दोन वाक्यं सांगितली," ते मायला म्हणायचे, "एक बी कुणाच्या कानात शिरलं न्हाई."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मांजरसुंब्याला एका लग्नाचा मंडप घालायचं काम मला मिळालं. आदला सगळा दिवस उन्हात खांब रोवले. दुसऱ्या दिवशी यजमानानं आग्रह केला आणि मी गुलाबजाम खाल्ले. किती ते विचारू नका, मी नानांचाच मुलगा. मग हायवेवरच्या एका ढाब्याबाहेर बाजेवर टेकलो, आणि उठायला गेलो तर पाय नाहीत. थोड्या वेळानं हात गेले. आणि मग छातीत ती पायरी. एक चुकली, दुसरी चुकली. ढाब्याचं छप्पर वर वर जायला लागलं.

ढाबेवाला चांगला माणूस होता. त्यानं चार माणसं बोलावली, तोंडावर पाणी मारलं आणि ओरडला, "शक्कर घोल के ला जल्दी! ग्लुकोज का पुडा फोड!" मला ऐकू येत होतं. बोलायला गेलो तर जीभ लटपटली. गोड पाण्याचा पेला माझ्या ओठांना लागला. दात घट्ट आवळायचे एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही नीट जमत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी तो पेला हिसकला. अर्धं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं.

"ए, साखर न्हाई द्यायची त्याला! मारता का बे?"

तोच टँकरवाला. आता केस पिकलेले, ट्रक चालवत होता, जेवायला थांबलेला. ढाबेवाला म्हणाला, "अरे, अशक्त झालाय माणूस."

"अशक्त न्हाई. ह्यांच्या घरात पेशीची दारं बिघडल्यात. गोड दिलं की हृदय बंद पडतं. त्याच्या बापानं भर सभेत माइकवर सांगितलंय. समद्या गावाला म्हाईत हाय." तो माझ्या तोंडाजवळ वाकला. त्याच्या मिशीला कांद्याचा वास होता. "घाबरू नको. बीडला नेतो. डॉक्टरला काय सांगायचं ते मला पाठ हाय."

त्यानं मला ट्रकच्या केबिनमध्ये आडवं घातलं. वाटेत सबंध रस्ता बोलत होता, मी झोपू नये म्हणून. पाऊसपाणी, डिझेल, पोरीचं लग्न. घाट उतरताना मात्र एकदम म्हणाला, "तुजा बाप इकला गेला ती गोष्ट येगळी. त्याला मी माफ केलं न्हाई, आन् करणार बी न्हाई. तू हात-पाय हलीव."

दवाखान्यात त्यानं खरंच सगळं सांगितलं, चढ्या आवाजात, डॉक्टरला एक शब्द बोलू न देता. मला योग्य ते औषध मिळालं आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायांनी घरी आलो.

नाना बाजेवर होते. म्हातारे झाले होते, पण बसलेले ताठ. मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मी कुठलीही भर न घालता गोष्ट सांगितली, अंगात तेवढा जीवच नव्हता. पेला हिसकला तिथं ते पुढं सरकले. "माइकवर सांगितलंय म्हणला?"

"म्हणला."

"पेशीची दारं म्हणला?"

"अगदी तसंच."

माय दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. नाना करंगळीनं बाजेचा सुंभ खाजवत राहिले.

"अन् इकला गेला, ते?"

 मला खोटं बोलता आलं असतं, जन्मभर तेच करत आलोय. पण त्या दिवशी जमलं नाही. "ते बी म्हणला."

नानांनी लांब श्वास सोडला आणि बाजेवर आडवे झाले.

"दोन्हीतलं एक इसरला असता," ते पत्र्याकडं बघत म्हणाले, "तर काय बिघडलं असतं बे त्याचं?"